निरोपाचं तेल

पडदा वर जातो तेव्हा आधी माणूस दिसतच नाही. दिसतं ते एक शटर, निम्मं वर केलेलं. आत तेल पिऊन काळी झालेली फरशी, भिंतीवरच्या खिळ्यांना लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लटकवलेले पाने, कोपऱ्यात हवेचा पंप, आणि छतावरून लोंबणारा एक दिवा, जो भर दुपारीही चालूच असतो. मधोमध स्टँडवर चढवलेली मोटरसायकल. इंजिन चालू आहे, मागचं चाक अधांतरी गरगर फिरतंय, आणि त्या चाकाच्या पलीकडून सावकाश एक डोकं वर येतं. पांढरे केस, नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा, एका हातात लांब चोचीची तेलाची बुदली, दुसऱ्या हातात फडकं.

हा आपल्या गोष्टीचा नायक. त्याच्या प्रवेशाला कधी कुणी टाळी वाजवली नाही, पण इतक्या वेळेवर प्रवेश घेणारा माणूस शोधून सापडला नसता. सकाळी आठला शटर वर, संध्याकाळी सातला खाली. अशी एकेचाळीस वर्षं.

गल्ली त्याला लख्ख मिस्त्री म्हणायची. दुरुस्त करणारे चिक्कार होते, पण याच्याकडून गाडी घरी आली की शेजारी विचारत, नवी घेतली का? त्याचं कारण त्याची एक रीत. काम संपलं म्हणून गाडी तशीच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. ती स्टँडवर चढवायची, पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि फिरत्या चेनवर बुदलीतून पातळ तेलाची धार सोडायची. मग इंजिन बंद करून, चाकावर जिथे जिथे थेंब उडाले असतील तिथे तिथे त्याच फडक्याने पुसून काढायचं. रिम, आऱ्या, चाकाचा मधला डबा, सगळं. तेलाचा हात फिरला की धातू असा काही झळकायचा की गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत लोक मागचं चाकच बघत राहायचे. याला तो 'निरोपाचं तेल' म्हणे. त्याचे पैसे नाहीत, त्याची घाईही नाही. आणि ज्याच्यावर जीव जास्त, त्याच्या चाकावर फडकं जास्त.

त्यात चूक काहीच नव्हती. त्याच्या उमेदीच्या काळात ब्रेक चाकाच्या पोटात, बंद डब्यात असत. वरून कितीही तेल चोळा, आत टिपूस जात नसे.

जीव म्हणाल तर तो एकाच घरावर होता. आईवडील एका वर्षाच्या अंतराने गेले तेव्हा मिस्त्री बावीसचा होता आणि बहीण आठची. तिला तो बबी म्हणायचा. सकाळी तिची वेणी घालून शाळेत सोडायचा आणि मग शटर उघडायचा. हात कितीही घासले तरी वास राहायचाच. वर्गातल्या मुली तिला विचारत, तुझ्या घरी केसांना पेट्रोल लावतात का गं? ती घरी येऊन रडली नाही. तिने त्या मुलींना असं काही सुनावलं की बाईंनी मिस्त्रीला शाळेत बोलावून घेतलं. तो बाईंसमोर मान खाली घालून उभा राहिला आणि बाहेर आल्यावर तिला पेरू घेऊन दिला. तिच्या जिभेला जी धार होती, ती अशी दादानेच लावून दिलेली. आधी बबीचं होऊ दे, मग माझं बघू, असं म्हणता म्हणता त्याचं स्वतःचं लग्नाचं वय उलटून गेलं.

बबीला मिळालेला नवरा म्हणजे साधा, नाकासमोर चालणारा माणूस. पाणीखात्यात होता. घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे आणि आकडे वहीत उतरवायचे, हे काम. डोक्यात सतत आकडे, त्यामुळे बाकी सगळं विसरायचा. छत्री दुकानात, चष्मा गिऱ्हाइकाच्या जिन्यात, एकदा तर बाजारात खुद्द बायकोला विसरून एकटाच घरी आला. ती गोष्ट बबीने पुढची वीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली आणि तोही दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असा हसला. "लक्ष कुठे असतं तुमचं?" हे त्या घरातलं दिवसाचं पहिलं वाक्य आणि शेवटचंही.

गाडी मात्र तो गोगलगाईसारखी चालवायचा. मिस्त्रीनेच शिकवली होती. वरच्या पाण्याच्या टाकीकडे जाणारा त्याचा रोजचा रस्ता उताराचा आणि कायम उखडलेला, म्हणून त्याला पढवून ठेवलं होतं: खडीवर पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, पुढचं चाक घसरलं की माणूस गेलाच. खडीवर पाय वापरायचा. मागचा ब्रेक, हळूहळू दाबत. मेव्हण्याने बाकी जगातलं सगळं विसरून एवढं एक लक्षात ठेवलं.

जुनी गाडी थकली तेव्हा त्याने दुसरी घेतली, वापरलेलीच पण नव्या धाटणीची. पुढे डिस्क, मागेही डिस्क. मागे डिस्क असलेली गाडी मिस्त्रीच्या शटरखाली पहिल्यांदाच आली. चाकाला लागून फिरणारी ती उघडी चकती, तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे ते पॅड, हे सगळं त्याने खाली बसून बराच वेळ न्याहाळलं. एवढं नाजूक काम उघड्यावर ठेवलंय, बनवणाऱ्याला लाज कशी नाही वाटली, असं म्हणाला, आणि दर खेपेला निरोपाचं तेल मात्र चुकवलं नाही.

तीन महिन्यांत मागचा ब्रेक ढिला लागायला लागला. मिस्त्रीने झाकण उघडलं तर ब्रेकचं तेल काळंकुट्ट. ते काढून नवं भरलं, मेव्हण्याला पेडल दाबायला बसवून नळीतली हवा बुडबुडा-बुडबुडा करून बाहेर काढली. पेडल टणक झालं, पण चाक काही धरेना. मग पॅड काढून पाहिले. त्यांचा चेहरा काचेसारखा चकचकीत झाला होता आणि बोट फिरवलं तर तेलकट. हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. जुन्या बंद ब्रेकला आतलं ग्रीस गळून लागलं की ते पेट्रोलने धुवायचे, काडी लावून आतलं तेल जाळायचं, पॉलिश पेपरने घासायचं. ते पुन्हा कामाला लागत. त्याने तेच केलं. गल्लीत एक फेरी मारून पाहिली, चाक जागच्या जागी थांबलं. समाधानाने गाडी स्टँडवर चढवली, चेनवर निरोपाचं तेल सोडलं आणि चाक पुसलं. मधली चकती तर दोनदा पुसली, कारण तिच्यावर गंज धरतो असं त्याने ऐकलं होतं.

आठ दिवसांनी मेव्हणा पुन्हा दारात. ब्रेकला तुमच्या दुकानाची ओढ लागलीय दादा, म्हणाला. मिस्त्रीने नवे पॅड बसवले. फेरी मारली, उत्तम. तेल, फडकं, निरोप. पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच. पुन्हा नवी जोडी. सुट्या भागांच्या दुकानातला म्हातारा गल्ल्यावरून म्हणाला, मिस्त्री, आठवड्यात दुसरी जोडी, पॅड चहात बुडवून खाता की काय? मिस्त्री हसला नाही. हल्ली मालच बोगस येतो, असं म्हणून त्याने त्या म्हाताऱ्यालाच दोन शब्द ऐकवले.

मेव्हण्याच्या स्वभावात तक्रार नव्हती. गाडी दुकानातून निघून घरी पोहोचेपर्यंत ब्रेक बुळबुळीत होतो, हे त्याच्या पायाला कळत होतं. पण दादांनी एवढ्या मायेने पुसून दिलेली गाडी दुसऱ्याच दिवशी परत कशी न्यायची, म्हणून तो चार दिवस काढायचा. शेवटच्या खेपेला पाचवा दिवस निघाला नाही.

पाइप टाकण्यासाठी टाकीकडचा रस्ता खणला होता आणि वळणावर खडीचा ढीग पसरला होता. सकाळचे साडेदहा. वेग काही फार नव्हता. मेव्हण्याने खडी पाहिली, हँडलवरचा हात सैल सोडला आणि शिकवल्याप्रमाणे पायाने पेडल दाबलं. गाडी तशीच पुढे गेली. तो फेकला गेला आणि वळणाच्या दगडी कठड्यावर पाठ आपटली. इस्पितळात डॉक्टरांनी बबीला बाजूला घेऊन सांगितलं, जीव वाचलाय, कमरेखालचं मात्र गेलं.

दीड महिन्याने त्याला घरी आणलं. पुढच्या खोलीत खिडकीखाली लोखंडी पलंग लावला. दिवसातून चार वेळा त्याची कूस बदलावी लागे, नाही तर पाठीला जखमा होतात. बबीला एकटीला ते झेपेना. मिस्त्री सकाळी शटर उघडण्याआधी, दुपारी जेवणाच्या वेळी आणि संध्याकाळी शटर पाडल्यावर यायचा. चौथ्या वेळेला शेजारचा मास्तर हात द्यायचा. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि हलकेच वळवायचं. इंजिन उचलणारे हात ते, त्यांना वजनाचं काही नव्हतं. वजन बबीच्या बोलण्याचं होतं. रोजचा रस्ता, लख्ख ऊन, वेगही नाही, तरी माणूस पडतोच कसा? याचं उत्तर तिला एकच सापडलं होतं. लक्ष नव्हतं. बाजारात बायकोला विसरणारा माणूस, ब्रेक दाबायला विसरला. चादर बदलताना ती हे बोलायची, भांडं धुताना बोलायची, समाचाराला आलेल्यांसमोर बोलायची. रडू आलं की जास्तच बोलायची.

आणि मेव्हणा ऐकून घ्यायचा. एकदा ती आत गेल्यावर तो छताकडे बघत मिस्त्रीला म्हणाला, "दादा, मी पेडल दाबलं होतं असं मला वाटतं. पण खात्री देता येत नाही. ती म्हणते तसंही असेल."

मोडकी गाडी दुकानातच पडून होती. त्या दिवशी मिस्त्रीने ती पुढ्यात ओढली. माल बोगस होता हे त्याला एकदाचं सिद्ध करायचं होतं. वाकडं हँडल सरळ केलं, चकती साफ धुतली आणि दुसऱ्या दुकानातून, दुसऱ्या बनावटीचे पॅड आणून बसवले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. चाक असं थांबायचं की मागून कुणी शेपूट धरल्यासारखं. बघा, म्हणाला तो, कुणालाही नाही, स्वतःलाच. मालातच खोट होती. मग एकेचाळीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप पुढे गेले. स्टँड, पहिला गिअर, चेनवर तेलाची धार, चाकावर फडकं. शटरसमोर गाडी नीट लावायची म्हणून तो पुन्हा तिच्यावर बसला, दहा पावलं पुढे घेतली आणि वळवताना पायाने पेडल दाबलं.

गाडी थांबली नाही. लोण्यावरून सुरी फिरावी तशी सरकत गेली आणि समोरच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्याला हळूच टेकली. गिरणीवाला आतून म्हणाला, काय मिस्त्री, पाय सरावाचा राहिला नाही वाटतं. मिस्त्री गाडीवर बसूनच राहिला. फडकं अजून त्याच्या डाव्या हातात होतं, हँडलच्या मुठीभोवती दाबलेलं. त्याने ते उलगडून पाहिलं. मग खाली उतरून चकतीवर बोट फिरवलं. बोट तेलाने झळकलं. दर वेळी तो फेरी मारायचा ती तेलाच्या आधी. तेलानंतर गाडी गेली ती नेहमी मेव्हण्याच्या पायाखाली.

त्या दुपारी तो कूस बदलायला गेला नाही. चुकवलेली ती पहिली वेळ. संध्याकाळी गेला तेव्हा बबी औषधं आणायला बाहेर पडत होती. तिने जाता जाता त्यालाही दोन शब्द सुनावले. ती गेल्यावर मिस्त्रीने स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. चकती, तेल, फडकं, काहीही न गाळता, एखादं बिघडलेलं यंत्र समजावून सांगावं तसं. शेवटी म्हणाला, तुम्ही पेडल दाबलं होतं मेव्हणे. दाबून उपयोग नव्हता.

मिस्त्री वाट बघत होता, ती शिवीची. पण मेव्हण्याचा चेहरा मोकळा होत गेला. दोन महिने कुणी छातीवर दगड ठेवावा आणि आता उचलावा, तसा त्याने श्वास सोडला.

"म्हणजे मी दाबलं होतं," तो म्हणाला. आणि पुन्हा, "दाबलं होतं बघा."

मग मिस्त्री उठायला लागला. बबी येऊ दे, तिलाही आत्ताच सांगतो, म्हणाला. तेव्हा मेव्हण्याने त्याचं मनगट धरलं. अंगात जी काही ताकद उरली होती ती सगळी त्या पकडीत होती.

"तिला सांगायचं नाही," तो म्हणाला. "माझं लक्ष नसतं, याची तिला सवय आहे. त्यावर ती भांडू शकते. हे कळलं तर ती भांडणार नाही, दादा, ती दार लावून घेईल. तुम्हाला मी ओळखतो, तुम्ही बाहेर उभे राहाल आणि आत मी एकाच कुशीवर सडेन. मला वळवायला तुम्ही हवेत."

याचं उत्तर मिस्त्रीने शोधायला हवं होतं की नको, यावर तो नंतर पुष्कळ झुरला. पण त्या घटकेला त्याने मान हलवली, आणि एकदा मान हलवली की रोजची सोपी वाट तीच झाली.

दुकानात त्याने फडकं बंद केलं. मागे डिस्क असलेली गाडी आली की तो आता चकतीवर आधी प्लास्टिकची पिशवी बांधायचा, चेनला बोटभर तेल ब्रशने लावायचा, पिशवी सोडायचा, चकती कोऱ्या कापडाने आणि स्पिरिटने पुसायचा आणि मग फेरी मारायचा, सगळ्यात शेवटी. तेल लागलेले पॅड जाळत बसायचा नाही, सरळ फेकून द्यायचा. गाड्या पूर्वीसारख्या चमकेनात. लख्ख मिस्त्री म्हातारा झाला, असं लोक म्हणायला लागले.

तिकडे पुढच्या खोलीत बबी बोलतच होती. मेव्हणा आता तिचं बोलणं वेगळ्या तऱ्हेने ऐकायचा. ती "लक्ष कुठे होतं तुमचं" म्हणाली की तो मिस्त्रीकडे पाहून पापणी मिटायचा, दोन पोरांनी मिळून काही लपवून ठेवावं तसा. मिस्त्री नजर चुकवून चादरीची सुरकुती काढायचा. पाच महिने असे गेले. एवढी वळवावळवी करूनही पाठीची जखम चिघळली, मग ताप आला, मग छाती भरली. एका सकाळी मिस्त्री पोहोचला तेव्हा बबी पलंगाशी उभी होती. तिने दादाकडे पाहिलं आणि आता वळवायचं नाही, एवढंच म्हणाली.

तीन आठवड्यांनी पाणीखात्यातून एक कागद आला. कर्मचारी कामावर असताना अपघात झाला, त्याची माहिती घरच्यांनी भरून द्यायची होती. बबीचे डोळे रडून सुजलेले, अक्षर दिसेना. तिने दादाला बोलावलं. तो तिच्यासमोर टेबलाशी बसला, पेन घेतलं आणि ती सांगेल तसं लिहायला लागला. नाव, वय, हुद्दा, तारीख, ठिकाण. मग एक रिकामी ओळ आली. अपघाताचं कारण.

बबीने पदराने नाक पुसलं. लिही, म्हणाली. चालकाचं लक्ष नव्हतं.

मिस्त्रीने पेनचं टोक कागदाला लावलं. आता अडवणारं कुणी नव्हतं आणि वळवायचंही कुणी नव्हतं. जी सबब होती ती मेव्हण्याबरोबर गेली होती. उरला होता तो निव्वळ त्याचा स्वतःचा जीव. एक ओळ लिहिली असती तर बहीण राहिली असती. सही झाली असती, कागद खात्याच्या कपाटात गेला असता, आणि तो भला माणूस कायमचा ब्रेक दाबायला विसरलेला राहिला असता.

त्याने पेनला टोपण लावलं. आणि बबीला सांगितलं. जसं मेव्हण्याला सांगितलं होतं तसंच, चकतीपासून फडक्यापर्यंत, एकही पायरी न गाळता.

ती ओरडली नाही. तिची नजर टेबलावरच्या त्याच्या हातांवर होती. मग ती त्या रिकाम्या पलंगाकडे वळली आणि तिकडेच बघत तिने विचारलं, "ह्यांना ठाऊक होतं?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. 'नाही' म्हटलं असतं तर आपण एका जाणत्या, गप्प बसलेल्या माणसाला पाच महिने टोचत राहिलो, हे तिला कळलं नसतं. पण मग तो स्वतःला दोषी धरूनच गेला, असं ती मरेपर्यंत समजली असती. या दोन्हींतलं तिला कोणतं पेलेल, हे मिस्त्रीला कळत नव्हतं. त्याला यंत्रं कळत, आणि तीही आता सगळी कळत नव्हती.

उत्तर ऐकून तिने तो कागद उचलला, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. कागद तिने स्वतःच्या हाताने भरून पाठवला, त्यात काय लिहिलं ते मिस्त्रीला कधी कळलं नाही. तो आणखी चार वर्षं जगला, रोज आठला शटर उघडत. आजारपणात त्याच्या उशाशी गिरणीवाला बसला, बबी तेव्हाही आली नाही. शेवटचे काही दिवस त्याची वाचाच गेली होती. त्यामुळे तिच्या कानावर पडलेलं त्याचं शेवटचं बोलणं तेच, टेबलाशी बसून, टोपण लावलेलं पेन हातात धरून बोललेलं.

"होतं गं बबे," तो म्हणाला. "स्वतःचं लक्ष होतं, हे त्यांना ठाऊक होतं."